पाऊणपटीचा हिशेब

नवे कॅलेंडर भिंतीवर लागले, की मध्यमवर्गीय घरात सर्वांत आधी पाहिल्या जातात त्या लाल तारखा. शुक्रवारी किंवा सोमवारी सुटी आली, की तिला शनिवार-रविवार जोडून तीन दिवसांचा हिशेब मांडला जातो. मुलांचे क्लास, आजीची गुडघेदुखी, ऑफिसातली रजा यांतून वाट काढत बेत ठरतो आणि मुंबई-पुण्याची असंख्य कुटुंबे एकाच पहाटे अलिबाग, काशीद, मुरूड, दापोली, गुहागरच्या दिशेने निघतात.

अशा धावत्या सहलींना नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. एरवी एका घरात राहूनही एकमेकांना न भेटणारी माणसे दोन रात्री एका खोलीत झोपतात, एका पंगतीला बसतात, आजोबा आणि नातू एकाच लाटेत पाय भिजवतात, हे लाभ थोडे नव्हेत. माझी तक्रार निराळीच आहे. आपण समुद्राकडे जातो ते शहराचे घड्याळ मनगटावर बांधून. अकराला पोहोचायचे, एकला जेवायचे, वामकुक्षी काढून चारला पाण्यात शिरायचे, सूर्यास्ताचे फोटो काढायचे. या वेळापत्रकात समुद्राला काय वाटते, हे कुणी विचारतच नाही.

समुद्राचे वेळापत्रक मात्र पक्के आहे आणि ते काढण्याची रीत किनाऱ्यावरच्या माणसाला तोंडपाठ असते. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती पुरी होणार, सकाळ-रात्री नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पक्ष शुद्ध असो वा वद्य, रीत तीच. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो आणि भरतीही त्याच्याबरोबर पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीपुरता अंदाज चोख येतो. नेमकी वेळ हवी असेल, तर छापील तक्ते मिळतात.

आता हा हिशेब आपल्या सहलीला लावून पाहा. शनिवारी चतुर्थी आहे. आपण अकराला अलिबागला उतरलो. ओहोटीला पायी जाता येणारा कुलाबा किल्ला तोवर पाण्याने वेढला जाऊ लागलेला असतो; तो आठ-नऊला यायला हवे होते. दुपारी तीनला पाणी चढून थांबते आणि चार वाजता, जेवण जिरवून आपण पोरांसह पाण्यात शिरतो, तेव्हा समुद्र परत फिरलेला असतो. वरून लाटा किनाऱ्याकडेच येताना दिसतात, पण पायाखालची वाळू आत सरकत असते. खाडीच्या मुखाशी तर ही ओढ फारच जबर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईकडे भरती कधी साडेचार मीटरच्या वर जाते. तेवढे पाणी सहा तासांत उतरायचे असते. अंगात कितीही बळ असले तरी तिथे उपयोग नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले दहाहून अधिक विद्यार्थी एका दुपारी बुडाले. त्यानंतर फलक लागले, चर्चा झाल्या. तरीही जोडून सुटी आली, की सोमवारच्या अंकात कुठल्या ना कुठल्या किनाऱ्याची तशीच बातमी असते. कधी हौसेने वाळूवर उतरवलेली मोटार चढत्या पाण्यात रुतून बसते. वेळास, आंजर्ल्यासारख्या ठिकाणी त्याच वाळूत कासवे अंडी घालतात, हे त्या चाकांच्या गावीही नसते.

बँकेच्या नोकरीत काही वर्षे मी कोकणातल्या एका शाखेत होतो. आमचे कोळी खातेदार अष्टमी-नवमीच्या आसपास हटकून यायचे. त्या दिवसांत भांगाची भरती, पाण्याला जोर कमी, डोल जाळ्यांना काम नाही. मग जाळी विणायची आणि बँकेची कामे उरकायची. कर्जाचे हप्ते आम्ही तारखांनी मोजत असू, ते तिथींनी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, हे ठाऊक असल्याने पावसाळ्यात त्यांच्याकडे वसुलीला जाण्यात अर्थ नव्हता. आज त्याच दोन महिन्यांत आपण घरगुती खाणावळीत बसून ताजा पापलेटच हवा म्हणून हट्ट धरतो.

या यजमानांची बाजूही पाहायला हवी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरच्या आणि उत्तर रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. पोफळ पुन्हा लावली तरी धरायला सहा-सात वर्षे जातात. तोवर अनेक घरांचा आधार म्हणजे ओटीवरच्या दोन खोल्या आणि तुम्ही-आम्ही. म्हणूनच घरची काकू पाण्याकडे बघून, ‘‘दादा, आता पाणी उतरतंय, पोरांना गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका,’’ असे सांगते, तेव्हा ‘आम्ही पैसे मोजलेत’ हा भाव तोंडावर आणू नये. तिच्या सांगण्यात तीन पिढ्यांचे पाहणे असते.

काही किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, ते असायलाच हवेत आणि सर्वत्र हवेत. ती मागणी सरकारकडे करत राहावी. पण चार लेकरांना घेऊन निघालेल्या घराने आपला जीव सर्वस्वी दुसऱ्याच्या शिट्टीवर सोपवू नये. निघण्याआधी तिथी पाहावी, वेळापत्रक तिच्याभोवती बांधावे, ओहोटी लागली की वाळूत किल्ले करावेत, शिंपले वेचावेत. आमच्या लहानपणी शाळेत पाऊणकी पाठ करून घेत. आता ती कुणी विचारत नाही. नातवंडांना निदान पंधरापर्यंत तरी ती शिकवावी, म्हणजे पुढल्या सुटीत कॅलेंडरवरच्या लाल तारखेखाली बारीक अक्षरांत छापलेली तिथी वाचून, पाण्यात कधी उतरायचे हे तीच घराला सांगतील.