पाच वेळा बरोबर, सहाव्यांदा चूक!

मित्रांनो, वही-पेन्सिल घेऊन बसलात ना? आज एका दहा अंकी संख्येची गोष्ट आहे. घरातल्या आठ अंकी कॅल्क्युलेटरवर ती मावणारच नाही, तेव्हा त्याला आज सुट्टी!

आधी २ घ्या. त्याचा वर्ग ४. चारचा वर्ग १६. सोळाचा २५६. आणि २५६ चा ६५,५३६. आता या पाचही संख्यांत एकेक मिळवा. काय आलं? ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. या सगळ्या मूळ संख्या आहेत. म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः, यांखेरीज दुसऱ्या कशानंही तिला निःशेष भाग जात नाही.

ही गंमत फ्रान्समधल्या पिएर द फर्मा यांच्या लक्षात आली. तुलूझ शहरातल्या न्यायालयात त्यांची नोकरी आणि गणित हा फावल्या वेळचा छंद! १६४० साली त्यांनी पत्रातून कळवलं, की अशी प्रत्येक संख्या मूळच असणार असं मला वाटतं. सिद्धता मात्र तेव्हा त्यांच्याजवळ नव्हती.

मग सहावी संख्या कोणती? ६५,५३६ चा वर्ग करा आणि १ मिळवा: ४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटींच्याही वर! ही मूळ आहे का, हे कसं ठरवायचं? २, ३, ५, ७... असं ओळीनं भागत बसायचं?

१७३२ साली रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये राहणाऱ्या, जेमतेम पंचविशीतल्या लिओनार्ड ऑयलर यांनी उत्तर दिलं: हिला ६४१ नं भाग जातो! पुढे त्यांनी युक्तीही उलगडून सांगितली. या संख्येला भागणारी मूळ संख्या अशीच हवी, की तिला ६४ नं भागल्यावर बाकी १ उरेल. अशा मूळ संख्या कोणत्या? १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... ओळीनं भागत गेलं असतं, तर ६४१ चा नंबर ११६ वा लागला असता. या युक्तीनं तो पाचवाच लागतो!

विश्वास बसत नाही? मग ६७,००,४१७ ला ६४१ नं गुणा. आधी ६०० नं, मग ४० नं, मग १ नं. तिन्ही उत्तरांची बेरीज करा आणि वर लिहिलेल्या संख्येशी ताडून पाहा.

गंमत म्हणजे, त्या पाचांनंतर या माळेतली सहावी मूळ संख्या आजवर कुणालाच सापडलेली नाही.

कोर्टात पाच साक्षीदार पुरत असतील. गणितात पन्नासही पुरत नाहीत. तिथं सिद्धताच लागते. म्हणून 'चार उदाहरणांत जमलं, म्हणजे नियम झाला' असं म्हणू नका. आणि आई-बाबा, मुलांचं उत्तर बरोबर आलं, तरी एकदा 'कशावरून?' असं जरूर विचारा.

आता तुमची पाळी! कोणतीही संख्या घ्या. तिच्या वर्गात तीच संख्या मिळवा, वर ४१ मिळवा. एक घेतला तर ४३, दोन घेतले तर ४७, तीन घेतले तर ५३. सगळ्या मूळ! पण ही माळ कुठंतरी तुटते. कुठं, ते शोधा. दहावर थांबलात, तर फसलात हं!

उत्तर पुढच्या अंकात.