कापलेला व्हिडिओ आणि जुना संशय

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावचा बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागून पोट भरणारे. त्यांच्यातले बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं निमित्त पुरलं.

अफवेने त्यांचा बळी घेतला, असं तेव्हा सगळे म्हणाले. मला ते पटत नाही. अफवा उठते आणि विरते. त्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळ्यांबद्दल मोबाइलवर जे फिरत होतं, तो अपप्रचार होता. त्याचा कर्ता सापडो वा न सापडो.

मी सोलापुरात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवरही तसा मेसेज आला होता. साधूंच्या, भिकाऱ्यांच्या वेशात टोळी उतरली आहे, मुलांच्या किडन्या काढतात, आणि शेवटी ‘आपल्या लेकरांसाठी पुढे पाठवा’. खाली तारीख नाही, पोलिस ठाणं नाही, हरवलेल्या एकाही मुलाचं नाव नाही. कुठल्या गावचं मूल गेलं, असं मी विचारलं. उत्तर आलं, ‘मॅडम, काळजी घेतलेली बरी.’ लिहिणारी आई अतिशय भली. खरी मेख तिथेच आहे. पुढाऱ्याच्या भाषणावर आपण शंका घेतो, लेकराच्या काळजीने कळवळलेल्या आईवर कशी घेणार? ज्याला अपप्रचार पसरवायचा असतो, त्याला अशीच माणसं हवी असतात.

त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर मुळात खोटाही नव्हता. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. तो कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवला होता. शेवटी ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कुणीतरी नेमका तेवढा शेवट कापला. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं, असं बघणाऱ्याला वाटणारच.

पण संशय भटक्यांवरच का गेला? याचं उत्तर आमच्या शहरात आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्माला आलेलं मूलच चोर ठरवलं. सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं, त्यांची हजेरी घेतली, त्यांना गिरण्यांत राबवलं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, पण त्या वस्तीचं ‘सेटलमेंट’ हे नाव आजही रिक्षावाल्याला सांगितलं की तो बरोबर नेऊन सोडतो. माझ्या वर्गात तिथली मुलं आहेत. पट्टी हरवली की बाकीची पोरं आधी त्यांच्याच दप्तराकडे बघतात. आठ वर्षांच्या पोरांना हे शिकवलं कुणी? सरकारी यादीत डवरी गोसावी भटक्यांत मोडतात, विमुक्तांत, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींत, नाहीत; पण संशयाने पाहणारा एवढा फरक करत नाही. पालं ठोकून राहणारा, भगवं नेसून दारोदार फिरणारा माणूस त्याला एकसारखाच दिसतो. राज्यसत्तेने ८० वर्षं केलेला प्रचार कायद्याबरोबर मेला नाही. मेसेज लिहिणाऱ्याला नवं काही पटवावं लागलं नाही, मनात होतं तेच त्याने चाळवलं.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलैला झुंडबळी रोखण्यासाठी राज्यांना निर्देश दिले. तरी सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात, पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना त्याच संशयावरून बदडलं गेलं. ते वाचले.

म्हणून पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. मूल कुठलं, ठाणं कुठलं, एवढं पाठवणाऱ्याला त्याच ग्रुपवर सगळ्यांदेखत विचारा. शंका आलीच तर ११२ वर फोन करा. आणि दारी गोसावी आला तर त्याला गाव विचारा, पाणी द्या, आणि हे सगळं तुमच्या मुलासमोर करा.