'लॅटिना' म्हणजे नेमकी कोण?



अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत लॅटिन अमेरिकी मुळांच्या लोकांची संख्या ६ कोटी २० लाखांवर गेली. एवढ्या मोठ्या समाजातली स्त्री, म्हणजे 'लॅटिना', सोशल मीडियावर मात्र बहुतेक एकाच साच्यात दिसते. उजळ रंग, लांब केस, तापट स्वभाव. हा साचा हॉलिवूडने घडवला, लाईक्सनी पक्का केला. यात काळी लॅटिना कुठे आहे? आदिवासी लॅटिना कुठे आहे?

२०२१ मध्ये 'इन द हाइट्स' हा सिनेमा आला. न्यूयॉर्कच्या ज्या वस्तीची ही गोष्ट, तिथे डोमिनिकन लोक मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांत काळे लोक भरपूर आहेत. पण लॅटिनोंच्या प्रमुख भूमिकांत बहुतेक उजळ चेहरेच! "आपली माणसं पडद्यावर आली" म्हणून कौतुक सुरू असताना आफ्रो-लॅटिना स्त्रियांनी ट्विटरवर विचारलं, आपली म्हणजे कुणाची? ज्येष्ठ अभिनेत्री रिटा मोरेनो यांनी टीव्हीवर टीकाकारांना जरा थांबायला सांगितलं. मग त्यांनाही माफी मागावी लागली आणि सिनेमाचे निर्माते लिन-मॅन्युएल मिरांडा यांनाही.

मेक्सिकोत वेगळं काही नाही. मिश्तेक आदिवासी समाजातली यालित्झा आपारिसिओ 'रोमा'मधल्या घरकामगार बाईच्या भूमिकेसाठी २०१९ मध्ये ऑस्करच्या नामांकनात पोचली, तेव्हा तिच्याच देशातल्या लोकांनी सोशल मीडियावर तिचा रंग आणि तिचं आदिवासी असणं काढलं.

असे प्रश्न विचारले की उत्तर ठरलेलं असतं, "समाजात फूट पाडू नका." हे वाक्य आपल्याला नवं आहे का? 'भारतीय स्त्री' या नावाखाली फक्त सवर्ण स्त्रीच बोलते, हे नव्वदच्या दशकात दलित स्त्रियांनी ठणकावलं, तेव्हा त्यांनाही हेच ऐकवलं होतं. उतरंड आधीपासून असते. प्रश्न विचारणारी फक्त ती दाखवून देते.

स्पॅनिशमध्ये काळ्या माणसाच्या कुरळ्या केसांना सर्रास 'पेलो मालो', म्हणजे वाईट केस, म्हणतात. आज आफ्रो-लॅटिना मुली तेच केस मोकळे सोडून स्वतःच्या मोबाईलवर व्हिडिओ करतात. कुणाची परवानगी मागत नाहीत. पण प्लॅटफॉर्म कंपनीचा आहे, कोणता व्हिडिओ पुढे न्यायचा हे तीच ठरवते. त्यामुळे व्यक्त होणं ही सुरुवात आहे, प्रतिनिधित्वाची लढाई त्याच्या पुढे आहे.

म्हणून 'आपला' चेहरा पडद्यावर दिसला की टाळ्या जरूर वाजवा. पण त्याच वेळी विचारा, आपल्यातलं सर्वांत खालचं माणूस त्यात आहे का?

जय भीम!