अंगणातला पातेरा

दोडामार्ग, बांदा परिसरात काजूचा हंगाम आला की माकडतापाची धास्ती सुरू होते. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात आढळलेला हा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून माणसात येतो. लगेच फवारणीची मागणी होते. घराला लागून रचलेल्या पातेऱ्याकडे मात्र कुणी पाहत नाही. गोचिडीची बारीक पिल्ले त्याच्यासोबत रानातून अंगणात येतात. गोठ्यात अंथरायला पातेरा लागतो, हे मान्य. पण ढीग घरापासून लांब ठेवा, रानातून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा. मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपास उतरलेल्या असतात. आणि ताप आलाच, तर रानात गेल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगा.