पदवीत भाषेला ८ श्रेयांक: त्यात काय शिकवले जावे?

तुम्ही पदवीच्या पहिल्या वर्षाला असाल, तर विषयांच्या यादीत ‘क्षमता संवर्धन अभ्यासक्रम’ ही ओळ पाहिली असेल. बहुतेक जण ती शेवटी, घाईत भरतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. त्यांपैकी किमान ६० मुख्य विषयाचे आणि ८ भाषेचे, तेही आधुनिक भारतीय भाषा आणि इंग्रजी मिळून. एका श्रेयांकाला १५ तासांचे अध्यापन धरले, तर दोन श्रेयांकांचा मराठीचा पेपर ३० तासांत संपतो.

आराखडा श्रेयांक ठरवतो, धडे नाही. धडे विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते. स्वायत्त महाविद्यालयात त्यांचे स्वतःचे मंडळ. म्हणूनच ‘नवे धोरण आले’ एवढ्याने पेपर बदलत नाही. जुन्या अनिवार्य मराठीतल्या दोन कथा आणि चार कविता कापून तीस तासांत बसवल्या, तरी श्रेयांक पूर्ण होतात.

साहित्य नको असे नाही, मी एम.ए. त्यातच केले आहे. पण रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला या ३० तासांत आधी दुसरे काही मिळायला हवे. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करता येतो. महाराष्ट्रात तो मराठीत चालतो, पण नेमकी कोणती माहिती हवी हे एका वाक्यात मांडणे शिकवावे लागते. तसेच योजनेच्या अटी वाचणे. अशा मजकुराचा अनुवाद करताना रोज दिसते, की ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ पडले तर पात्र कोण, हेच बदलते. आणि तिसरे, आपल्या मुख्य विषयातली एक संकल्पना घरच्यांना कळेल अशी दोनशे शब्दांत लिहिणे. हे सर्वांत अवघड, त्यामुळे गुणही त्यालाच जास्त असावेत.

पर्याय भरण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्या पेपरचे घटक आणि गुणविभागणी पाहा. स्वायत्त महाविद्यालयाच्या अभ्यास मंडळावर माजी विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी असतो; तो कोण, हे विभागात विचारा. अभिप्राय अर्जात ‘चांगला’वर खूण करून थांबू नका. कोणता घटक काढावा आणि त्या तासांत काय घ्यावे, ते नाव घेऊन लिहा.