ही चर्चे पोर्तुगीजांची नव्हेत

गोव्यातले जुने चर्च दिसले की ‘पोर्तुगीज वास्तुकला’ म्हणून मोकळे व्हायचे, ही आपली जुनी खोड. सहलीच्या पुस्तिकांनी तसे म्हटले तर समजू शकते. परंतु आपले लेखकही तेच गिरवितात. मग ख्रिस्ती माणसाला परका ठरवू पाहणाऱ्यांच्या हाती आपणच कोलीत देतो, त्याचे काय?

या समजुतीला खणखणीत उत्तर दिले ते एका पोर्तुगीजानेच. पावलू व्हारेला गोमिश (१९५२-२०१६) कोइंब्रा विद्यापीठात वास्तुकलेचा इतिहास शिकवीत. ते दोन वेळा गोव्यात वास्तव्यास होते. चर्चमागून चर्च पाहत हिंडले आणि २०११ साली त्यांचा ‘व्हाइटवॉश, रेड स्टोन’ हा ग्रंथ निघाला. त्यांचा निष्कर्ष असा की, ही चर्चे पोर्तुगीज नव्हेत आणि दोन संस्कृतींची भेसळही नव्हेत. ती गोमंतकीय आहेत. तिसवाडीतील तळावलीचे सांतानाचे चर्च (१६८१-१६९५) त्यांनी या परंपरेच्या अग्रभागी ठेवले. ते उभारण्यात पुढाकार कुणा व्हाइसरॉयचा नव्हता, गोमंतकीय धर्मगुरूंचा होता.

आणि जुन्या गोव्याची बॉम जेझस बॅसिलिका? तिचा तांबडा जांभा पाहून पर्यटक ‘केवढे हे प्राचीन रूप’ म्हणून भारावतात. वस्तुतः १६०५ साली अभिषिक्त झालेली ही वास्तू शतकानुशतके चुन्याच्या गिलाव्यात होती. १९५०च्या दशकात पोर्तुगीज राजवटीच्या एका तज्ज्ञाने तो गिलावा खरवडून काढला. जांभा सच्छिद्र, कोकणचा पाऊस तो पिऊन घेतो. २०२० साली बॅसिलिकेच्या प्रमुख धर्मगुरूंनी गिलावा पुन्हा चढवावा अशी जाहीर मागणी केली, तेव्हा ‘मूळ रूप बिघडेल’ म्हणून कुरकुर झाली! जे रूप सत्तर वर्षांचे, तेच मूळ? परक्याच्या हौसेला आपण परंपरा समजून बसलो आहोत.

आपण वसईकर तरी कुठे वेगळे आहोत? किल्ल्यातील भग्न भिंतींपाशी पाहुण्यांना नेऊन आपणही ‘हे पोर्तुगीजांचे’ एवढेच सांगतो. दगड कुणी घडविले, चुना कुणी मळला, याची चौकशी करीत नाही. बॅसिलिकेच्या दर्शनी भागावरील कोरीव काळा पाषाण वसईहून गेला, असे सांगतात. पुढच्या यात्रेत तो हात लावून पाहावा.