आगीआधी पोचलेली यादी

'मी डेटामध्ये आहे,' असं पार्टीत सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि हळूच पॅकेज विचारतो. त्या डेटाने आजवर केलं काय, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर आपलीच पंचाईत! तिमाहीचा डॅशबोर्ड आणि बॉसच्या प्रेझेंटेशनमधले रंगीत गोळे. पण हाच धंदा करणाऱ्या एकाच्या यादीवर न्यू यॉर्कमध्ये लोकांचे जीव अवलंबून होते. त्याची करिअर स्टोरी एकदम हटके आहे.

माइक फ्लॉवर्स मुळात वकील. मॅनहॅटनमध्ये सरकारी वकिली केली, मग सद्दाम हुसेनच्या खटल्याच्या कामासाठी बगदाद गाठलं. तिथे कोणत्या रस्त्याने कधी निघायचं, हे माहिती चाळून ठरवलं जायचं. ते त्याच्या डोक्यात बसलं. 2009 मध्ये, मायकल ब्लूमबर्ग महापौर असताना, तो न्यू यॉर्क महापालिकेत आला आणि पुढे शहराचा पहिला चीफ ॲनालिटिक्स ऑफिसर झाला. टीम म्हणाल तर नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं.

प्रश्न मात्र जीवघेणा होता. एका घराचे बेकायदा चार-पाच तुकडे करायचे, त्यात भाडेकरू कोंबायचे. आग लागली की बाहेर पडायला वाट नाही. एप्रिल 2011 मध्ये ब्रॉन्क्समधल्या अशाच एका घरात आई, वडील आणि मुलगा, तिघंही गेले. अशा घरांच्या तक्रारी वर्षाला सुमारे 25,000 आणि इन्स्पेक्टर जेमतेम 200. आधी कुठे जायचं?

थकलेला मालमत्ता कर, वीज-पाण्याचा विचित्र वापर, अँब्युलन्सच्या फेऱ्या, उंदरांच्या तक्रारी... टीमने सगळं गोळा करून पाच वर्षांतल्या आगींशी ताडून पाहायचं ठरवलं. आणि घोडं पेंड खाल्लं ते पत्त्यांवर! प्रत्येक खात्याची जागा लिहायची तऱ्हा वेगळी. फायर डिपार्टमेंट तर रस्त्यावरच्या जुन्या कॉलबॉक्सवरून ठिकाण ओळखायचं. 'मारुतीच्या देवळामागे' एवढ्या पत्त्यावर पिझ्झा मागवणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

मग फ्लॉवर्स खुर्ची सोडून इन्स्पेक्टरांबरोबर हिंडला. मला तर हा त्याच्या करिअरमधला खरा टर्न वाटतो. एका इमारतीकडे नुसतं पाहून इन्स्पेक्टर म्हणाला, इथे काही नाही. का? तर बाहेरचं वीटकाम नवं होतं. मालक भिंतीवर पैसे घालतोय, म्हणजे घराकडे त्याचं लक्ष आहे. वीटकामाच्या परवानग्या महापालिकेच्या दप्तरात पडूनच होत्या. त्या मॉडेलमध्ये घेतल्या. पूर्वी 100 तपासण्यांमागे 13 ठिकाणी घर रिकामं करण्याचा आदेश निघायचा. यादीने वर काढलेल्या घरांत तो आकडा 70 च्या पुढे गेला. इन्स्पेक्टर तेवढेच, क्रम बदलला.

उलटंही होतं बरं का. याच शहरात 1970 च्या दशकात रँडच्या तज्ज्ञांनी गाडी किती वेळात पोचते यावर मॉडेल मांडलं. त्याच्या आधाराने फायर स्टेशनं बंद झाली आणि त्यात साउथ ब्रॉन्क्ससारख्या, सतत आगी लागणाऱ्या गरीब वस्त्याही आल्या. आपला डॅशबोर्ड चुकला तर फार तर एक मीटिंग वाढते.

2013 नंतर फ्लॉवर्स महापालिकेतून बाहेर पडून विद्यापीठ आणि खासगी डेटा कंपनीकडे वळला. आपल्याकडे म्हणाल, तर महाराष्ट्रात 108 ची अँब्युलन्स 2014 पासून धावतेय. कॉल किती वाजता आला, गाडी कधी निघाली, कधी पोचली, या नोंदी नीट वाचणारं कुणीतरी लागतंच. अशा कामाच्या इंटरव्ह्यूला गेलात, तर पॅकेजच्या आधी एवढंच विचारा: पहिल्या महिन्यात एक नाइट शिफ्ट मला गाडीत बसू देणार का? 'त्याची काय गरज?' असं उत्तर आलं, तर चहा घ्या आणि निघा.